स्पीकरची घूं आणि माऊसची किर्र : साउंड कार्ड घ्यायच्या आधी वायरी उपटून बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्यात नवीन डेस्कटॉप असेंबल करून घेतला, त्याला लाइटवर चालणारे बुकशेल्फ स्पीकर लावले, शेजारच्या टीव्हीची ऑडिओ वायरपण त्याच स्पीकरच्या दुसऱ्या इनपुटला दिली, आणि पहिल्या दिवसापासून दोन आवाज चालू आहेत. एक घूंऽऽऽ, गाणं लावा नाहीतर नका लावू, सतत. दुसरा किर्रर्र, माऊस हलवला किंवा पेज वरखाली केलं की वाढणारा. वहिनी पोरांसाठी गोष्टी रेकॉर्ड करतात त्यातसुद्धा मागे घूं येतंय. दुकानदाराचं म्हणणं, मदरबोर्डचा साउंड गेलाय, वेगळं कार्ड टाका. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की कॅबिनेटला हात लागला की कधीकधी मुंग्या येतात.

अहो, ती ओळ सगळ्यात वर हवी होती.

साउंड कार्ड आत्ता घेऊ नका. मी २२-२३ वर्षं कॉम्प्युटर रिपेअर करतोय, मधे काही वर्षं छोट्या रेकॉर्डिंग रूमच्या वायरिंगचीपण कामं केली, आणि अशा तक्रारीत बोर्ड खरंच खराब निघाला असं फार कमी वेळा झालंय. तुमच्याकडे एक बिघाड नाही, दोन आहेत, ते एकावर एक बसलेत म्हणून एक इलाज केला की वाटतं काहीच फरक पडला नाही. वेगळे करून घ्या आधी.

त्यासाठी काही विकत आणायचं नाही. स्पीकर चालू ठेवा, आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवा, आणि पीसीकडून येणारी ३.५ एमएमची पिन पीसीतून काढून मोबाईलला लावा (जॅक नसेल तर त्याचा तो छोटा डोंगल लावून), मोबाईल चार्जिंगला नसावा, टीव्हीची वायर पण काढलेली असावी. आता शांत आहे का? असेल तर स्पीकर चांगले, वायर चांगली, विषय संपला तिकडचा. मोबाईल लावूनही घूं येत असेल तर मात्र स्पीकरच्या आतला सप्लाय किंवा ती वायर. बरेच जण इथे एक चूक करतात, पिन काढून नुसती हवेत लोंबकळत ठेवतात आणि मग घूं आलं की म्हणतात स्पीकर खराब. उघडी पिन अँटेनासारखी वागते, बोट लावलं की अजून जोरात वाजते, त्याच्यावरून काही ठरवू नका.

दुसरी टेस्ट, साधा हेडफोन पीसीच्या मागच्या जॅकला. हेडफोनला लाइटची वायर नसते, तो बाकी कुठेच जोडलेला नसतो, म्हणून हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरमध्ये घूं असेल तर बोर्डाचा साउंड ठणठणीत आहे हे तिथेच सिद्ध झालं. दुकानदाराला हेच करून दाखवा. हेडफोनमध्येपण किर्र येत असेल तर ती किर्र पीसीच्या आतली, तिच्याकडे नंतर येतो.

आता मुंग्या. प्रत्येक एसएमपीएसच्या (म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. त्यांचं काम कचरा अर्थिंगमध्ये फेकायचं. अर्थिंग असेल तर कोणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट या दोघांच्या बरोबर मधे लटकतं, म्हणजे २३० च्या निम्मं, डिजिटल मीटरवर ११०-११५ व्होल्ट दिसतात आणि टेस्टर लावला की दिवा पेटतो. करंट फार बारीक, मिलिअँपियरचा काही भाग, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. पण ते व्होल्टेज जायला वाट शोधत असतं, आणि तुमच्याकडे ती वाट आयती करून ठेवलीये. पीसीची बॉडी, तिथून ऑडिओ वायरची जाळी (आतल्या तारेभोवती विणलेलं तारांचं आवरण), तिथून स्पीकर, स्पीकरमधून टीव्हीची ऑडिओ वायर, टीव्हीतून सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्सच्या मागे केबलवाल्याची जाड काळी वायर जी गच्चीवरून, खांबावरून फिरून कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचं अर्थिंग सध्या केबलवाला करतोय! आणि ते ऑडिओ वायरमधून चाललंय. घूं म्हणतात ती हीच.

"कधीकधी" मुंग्या येतात त्याचंही कारण मला वाटतं हेच असणार. टीव्हीची वायर लागलेली असते तेव्हा गळती तिकडून निघून जाते, वायर काढलेली असते तेव्हा तुमच्या बोटातून. बघा जुळतंय का.

म्हणून पहिलं काम, पीसी ज्या बोर्डावर लागतो त्या सॉकेटची तपासणी. मीटर एसी व्होल्टवर, ७५० किंवा ६०० जी रेंज असेल ती. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला ६०-७० असा काहीतरी तरंगणारा आकडा दिसला तर अर्थची वायर कुठेच जोडलेली नाहीये, नुसतं तिसरं भोक आहे. मीटर हाताळायची सवय नसेल तर हे वायरमनला करू द्या, त्याच्या शेजारी उभं राहून आकडे मात्र तुम्ही स्वतः बघा. आणि एक गोष्ट मुद्दाम बघायची, न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० येतंय आणि त्याच बोर्डावर इस्त्री लावली तरी ०.० च, तर संशय घ्या. काही महाभाग सॉकेटच्या मागे न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात, मीटरवर सगळं छान दिसतं, आणि ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुमचं कॅबिनेट थेट फेजवर. असं दिसलं तर त्याच दिवशी काढायला लावा.

एक्स्टेन्शन बोर्डपण उघडून बघायला सांगा. तीन पिनांचं सॉकेट आणि आत दोनच तारा, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही. स्वतःचं घर असेल तर अर्थिंगच्या खड्ड्याकडे जा, एप्रिल-मे महिन्यात माती कोरडी पडते, दोन बादल्या पाणी घातलं तरी फरक पडतो, जुनी माणसं उगाच घालत नव्हती. आणि नळाला अर्थ जोडायची जुनी युक्ती आता विसरा, पाइप पीव्हीसीचे झालेत, शिवाय तेव्हाही ती चूकच होती.

आता गंमत ऐका. अर्थिंग नीट झालं की मुंग्या जातील, शंभर टक्के. घूं जाईलच असं नाही, उलट कधीकधी थोडी वाढते आणि मग माणूस वायरमनला शिव्या देतो. कारण आता पीसीला स्वतःची अर्थ मिळाली, केबलची ती लांबची अर्थ पण आहेच, आणि दोन अर्थांमध्ये नेहमी थोडाफार व्होल्टेजचा फरक असतो, तो फरक तुमच्या ऑडिओ वायरच्या जाळीतून गोल गोल फिरतो. ग्राउंड लूप याला म्हणतात. फरक किती? घरगुती लाइन लेव्हलचा सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा असतो, त्यात १ मिलिव्होल्ट जरी घुसला तरी तो गाण्यापेक्षा फक्त ५० डेसिबलने खाली असतो, रात्री शांत खोलीत कानाला आरामात ऐकू येतो. आपली लाइट ५० हर्ट्झची, म्हणून खालच्या पट्टीतली जाड घूं. थोडी चरचरीत, १०० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली असेल तर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर किंवा डिमरवर संशय घ्यायचा, पण फक्त पट्टीवरून निकाल देऊ नका, मीही देत नाही.

लूप पकडायची पद्धत एकच, एक एक वायर उपटायची आणि ऐकायचं. पहिली उपटायची ती सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबल. तिथेच घूं गप्प झाली (माझी पैज तिथेच लागेल) तर केबलच्या वायरीत लावायचा आयसोलेटर मिळतो तो लावा, किंवा टीव्हीची वायर त्या स्पीकरवरून काढूनच टाका. मग मॉनिटरची एचडीएमआय, तिची जाळीपण अर्थ घेऊन येते, मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर असेल तर नक्कीच. मग प्रिंटर, यूएसबीवरच्या बाकीच्या गोष्टी. नेटच्या लॅन केबलवर लोक फार आळ घेतात, पण साध्या लॅन केबलला जॅकच्या आत ट्रान्सफॉर्मर असतात, ती विजेच्या दृष्टीने तुटलेलीच असते, बिचारी निर्दोष. फक्त धातूच्या टोपीची, जाळीवाली केबल असेल तर वेगळं.

पीसी, मॉनिटर, स्पीकर, टीव्ही सगळं एकाच बोर्डावर, एकाच चांगल्या स्पाइक गार्डवर आणा. लोड फार नाहीये, चालतं. एवढ्याने निम्मी घरं शांत होतात. त्यानंतरही बारीक घूं राहिली तर ऑडिओ वायरीच्या मधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, सिग्नल जातो पण तारेचा संबंध तुटतो. अगदी स्वस्तातला घेतला तर खालचा बेस थोडा खातो, कारण आतला लोखंडी तुकडा नखाएवढा असतो आणि तबल्याच्या डग्ग्याला तो पुरत नाही. गाणी मनापासून ऐकणारे असाल तर जरा बरा घ्या.

आणि एक करायचं नाही ते म्हणजे प्लगची जाड अर्थची पिन काढून टाकणं. इंटरनेटवर हा सल्ला अजून फिरतो, कारण तो चालतो, घूं खरोखर जाते. मी पण केलंय हे पाप, खूप वर्षांपूर्वी, एका हॉलमध्ये कार्यक्रमाच्या तासभर आधी अँपची अर्थ काढली, आवाज स्वच्छ झाला, सगळे खूश, आणि मग निवेदकाने माइक हातात घेतला आणि तो ओरडून मागे सरकला. काही झालं नाही सुदैवाने, पण माझे हात रात्रभर गार होते. अर्थ ही माणसासाठी आहे, आवाजासाठी नाही. लूप तोडायचा तो सिग्नलच्या वायरीत तोडायचा, लाइटच्या वायरीत नाही.

चला, किर्रकडे. माऊस हलवला की आवाज का बदलतो हे एकदा कळलं की भुताटकी वाटत नाही. गेमिंगवाला माऊस असेल तर तो सेकंदाला १००० वेळा पीसीला "मी इथे आहे" सांगतो, साधा असेल तर बहुधा १२५ वेळा. प्रत्येक वेळी यूएसबी, प्रोसेसर जागा होतो, करंटचा एक छोटा झोत ओढतो. स्क्रीन सरकली की ग्राफिक कार्ड ओढतं. हे झोत परत जातात ते बोर्डाच्या ग्राउंडमधून, आणि ग्राउंड म्हणजे काही आदर्श शून्य नाही, तोही तांब्याचा तुकडाच, त्याला थोडा रेझिस्टन्स असतोच. म्हणून ते ग्राउंड सेकंदाला हजारवेळा थरथरतं आणि १००० हर्ट्झ म्हणजे कानाला चांगली ऐकू येणारी सीऽऽ अशी शिट्टी. माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग रेट १००० वरून १२५ करा आणि ऐका, पट्टी बदलली तर चोर सापडला. इलाज नाही हा, फक्त ओळखपरेड.

इलाज बऱ्याचदा फुकट असतो. तुम्ही स्पीकर समोरच्या जॅकला लावलेत का? लिहिलं नाहीये, पण लावले असणार, समोरचा हाताशी येतो. त्या जॅकची आतली वायर बहुतेक कॅबिनेटमध्ये धड जाळीचीसुद्धा नसते, आणि बोर्डाच्या तळाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ग्राफिक कार्डाच्या पोटाखालून, एसएमपीएसच्या वायरींच्या गुंत्यातून समोर येते. जणू रुळाच्या बाजूला झोपायला जागा दिलीये. मागचा हिरवा जॅक वापरा. समोरचाच पाहिजे असेल तर कॅबिनेट उघडून ती वायर कार्डापासून लांब, खालच्या कडेने न्या, पॉवरच्या वायरींबरोबर बांधू नका. ग्राउंडचा एक स्क्रू पण बघा हो, बोर्ड कॅबिनेटला बसवताना पितळी स्टँडचे स्क्रू सैल ठेवलेले असतात किंवा जॅकच्या मागची पत्र्याची पट्टी नीट टेकलेली नसते, घाईत असेंबल केलं की हे होतं.

मागच्या जॅकवरून हेडफोनमध्येही किर्र येत असेल तर मग यूएसबी डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करून देणारा, पीसीच्या बाहेरचा छोटा डबा) घ्या, इथे मी खर्च करायला सांगेन. आतलं साउंड कार्ड मात्र नको, ते त्याच गोंगाटात जाऊन बसतं आणि त्याच ग्राउंडवर जेवतं. चांगला डॅक बाहेर असल्यामुळे निम्मा त्रास आपोआप जातो. तरीपण यूएसबीच्या वायरीतूनही ग्राउंड येतंच, म्हणून डॅक लावूनही स्पीकरमध्ये शिट्टी राहू शकते, तेव्हा वैतागून डॅक परत करू नका, लूप अजून शिल्लक आहे एवढाच अर्थ. ऑप्टिकल आउट असेल बोर्डाला आणि डॅकला इनपुट असेल तर ती प्रकाशाची वाट सगळ्यात भारी, प्रकाशातून ग्राउंड येत नाही. यूएसबी आयसोलेटरपण मिळतात, पण स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटचे असतात, साधा डॅक चालतो, हायस्पीड इंटरफेस लावलात तर ओळखणारच नाही.

टिक-टिक, फट-फट, गाणं मधेच फाटल्यासारखं, हे तुमच्याकडे नाहीये पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असेल म्हणून दोन ओळी. ते वायरीचं दुखणं नाही, ड्रायव्हरचं आहे. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा, वायफाय किंवा ग्राफिकचा ड्रायव्हर लाल दिसतो बऱ्याचदा, तो अपडेट करा, रेकॉर्डिंगला बफर (सॉफ्टवेअर आवाजाचा जो छोटा साठा करतं तो) २५६ वर फुटत असेल तर ५१२ करा. काही सेकंद शांतता झाली आणि पुढचा आवाज आला की "टप्प" होतं, ते साउंड चिप झोपून उठते त्याचं, पॉवर सेव्हिंग बंद केलं की जातं.

बाहेरून हवेतून येणारे पाहुणेही असतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनवर ठेवला की चर्रर्र आणि पूर्ण पाचवर केला की गायब, हे क्लासिक, कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवा. मिक्सर चालू झाला की खरखर, ते त्याच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या, चटणी होईपर्यंत थांबा. लाइट गेल्यावरच घूं येत असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर ऑडिओचं सामान चालवूच नये, साइन वेव्हवाला लागतो. घरात चोर कुठला हे शोधायला माझ्याकडे अजून एक छोटा ट्रान्झिस्टर आहे, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावायचा आणि भिंतीजवळून, बल्बजवळून, चार्जरजवळून फिरवायचा, जिथे जास्त खरखरतो तिथे चोर. एकदा एका घरी असाच फिरता फिरता देवघरापाशी आलो, समईच्या मागच्या एलईडी माळेचा अडॅप्टर निघाला. काकू म्हणाल्या, देवाच्या जवळ कसला शोध चाललाय.

आता वहिनींचं रेकॉर्डिंग. माइक कुठला ते लिहिलं नाहीत, पण ऑनलाइन स्वस्तात मिळणारा तो काळा किंवा निळा कंडेन्सर, सोबत एका टोकाला तीन पिनांची आणि दुसऱ्या टोकाला ३.५ एमएमची वायर, असाच असेल तर त्याला पीसीच्या जॅकमधून फक्त दोन-अडीच व्होल्ट मिळतात, आणि धड कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या वायरीतूनच दिला जाणारा सप्लाय) लागतो. अशक्त माइक, मग आवाज बारीक येतो, मग विंडोजमध्ये जाऊन मायक्रोफोन बूस्ट +३० करायचा, आणि ३० डेसिबल म्हणजे सिग्नल तीसपट, त्यात घूं पण तीसपट, किर्र पण तीसपट. अर्थिंग दुरुस्त झाल्यावर बूस्ट शून्य किंवा +१० वर आणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरून रेकॉर्ड करून बघा. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण दुप्पट मिळतो तो फुकट. यावर भागलं नाही तर सरळ एक यूएसबी माइक घ्या, किंवा दोन पैसे जास्त असतील तर छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे हाच माइक खऱ्या ४८ व्होल्टवर, बॅलन्स्ड (दोन सिग्नल तारांच्या, बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या) वायरीवर चालेल. त्या ३.५ एमएमच्या वायरीने बॅलन्स्डचा सगळा फायदा मेलेला असतो.

नॉइज सप्रेशनचं बटण मीटिंगसाठी ठीक आहे, गोष्टींसाठी बंद ठेवा, ते शब्दांचे शेवट खातं, "ससा" चा "स" तर पूर्णच चावतं.

अजून एक, रेकॉर्डिंगमध्ये बारीक "कुईं" राहिली आणि ती हेडफोन कानावरून काढल्यावरपण खोलीत तशीच ऐकू आली, तर ती वायरीत नाहीच, ग्राफिक कार्डाच्या कॉइल प्रत्यक्ष थरथरून ओरडतायत. गेमच्या मेन्यूमध्ये जास्त येते कारण तिथे कार्ड बिनकामाचं सेकंदाला हजारभर फ्रेम काढत बसतं, फ्रेम लिमिट ६० केली की गप्प होतं. वहिनींच्या वेळी गेम बंद आणि कॅबिनेट टेबलावरून खाली, माइकच्या पाठीमागे.

वायरमन येऊन गेला की न्यूट्रल-अर्थचा आकडा आणि केबल उपटल्यावर काय झालं एवढं दोनच लिहून टाका, पुढचं मग बघू.